प्रसिद्धीपत्रकाखाली सही कोणाची?

हैदराबादमधील मलकपेठ हे नाव मराठी वाचकास अगदीच परके नसावे. मराठवाड्यातील जुन्या पिढीने मनमाड-काचीगुडा गाडीने निजामाची राजधानी गाठली. त्या काचीगुड्याहून निघून मुसी नदी ओलांडली की लागणारे पुढचे स्थानक मलकपेठ. तेथल्या महबूब मॅन्शनच्या बाजारात महाराष्ट्रातला कांदा आजही गोण्यांनी उतरतो. मलकपेठेच्या या परिसरात, नदीच्या काठाकाठाने वसलेल्या मूसानगर, शंकरनगर यांसारख्या गरीब वस्त्यांतील घरांच्या भिंतींवर २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस सरकारी पथकांनी तांबड्या रंगात ‘आरबी-एक्स’ अशी अक्षरे रंगविली. नदीच्या पात्रात येणारे, म्हणजेच पाडावयाचे घर, असा त्या खुणेचा अर्थ. ऑक्टोबर उजाडताच पाडापाडीस प्रारंभ झाला. काही कुटुंबे जवळच्याच पिल्लिगुडिसेलू येथील सरकारी सदनिकांत स्वखुशीने गेली, काही नाइलाजाने गेली, काहींनी न्यायालयाची पायरी चढली. त्याच महिन्याच्या १७ तारखेस मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी पत्रकारांपुढे रीतसर सादरीकरण करून मुसीच्या पुनरुज्जीवनाची योजना मांडली, आणि पाठोपाठ विरोधी पक्षाने आपले उलट सादरीकरण केले. भिंतीवर दोन अक्षरे आणि पडद्यावर नदीचे भवितव्य, असा तो देखावा होता.

नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजना आपल्या देशात नव्या नाहीत. अशा प्रत्येक योजनेबरोबर संकल्पचित्रे येतात. त्यांत पाणी नेहमी निळेशार असते, झाडे एका उंचीची असतात, मुले फुगे घेऊन धावत असतात आणि ज्यांच्या घरांवर तांबडी अक्षरे रंगविली गेली त्यांच्यापैकी एकही त्या चित्रात नसतो. मुसीची चित्रे यंत्राने काढली की माणसाने, हा आमचा मुद्दाच नाही. मुद्दा असा की, पूर्वी असे एक चित्र करावयास वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत चार माणसे आठवडाभर खपत. आज मजकूर आणि चित्रे स्वतः रचणारी जी कृत्रिम बुद्धिमत्ता बाजारात आली आहे, तिच्या साह्याने माहिती खात्यातला कनिष्ठ कारकूनही ते काम चहा थंड होण्यापूर्वी उरकू शकतो. चित्र स्वस्त झाले म्हणजे त्याचा वापर वाढतो, आणि वापर वाढला म्हणजे ते कोणी, कशाच्या आधारावर काढले हे विचारण्याची सवय मोडते. जनसंपर्काच्या व्यवसायात या यंत्रांचा जबाबदारीने वापर कसा करावा याची चर्चा हल्ली परिषदांतून पुष्कळ होते. ती चर्चा ज्या प्रकरणाने खरी कसाला लागली, ते प्रकरण याच हैदराबाद शहराच्या पश्चिम टोकास, याच सरकारच्या कारकिर्दीत आणि मलकपेठेतील पाडापाडीनंतर अवघ्या सहा महिन्यांनी घडले.

कांचा गच्चीबौली येथे हैदराबाद विद्यापीठास लागून असलेल्या ४०० एकर जमिनीवर सरकारच्या औद्योगिक महामंडळाने ३० मार्च २०२५ रोजी बुलडोझर घातले. त्या दिवशी उगादी म्हणजे आपला पाडवा होता आणि पाठोपाठ ईद. जोडून आलेल्या सुट्ट्यांत न्यायालये बंद असताना यंत्रे मात्र रात्रंदिवस चालू होती. विद्यार्थी रस्त्यावर आले, त्यांची धरपकड झाली, आणि ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अमरावतीचे सुपुत्र न्या. भूषण गवई आणि न्या. मसीह यांच्या पीठाने तेलंगण उच्च न्यायालयाच्या निबंधकांस जागेवर पाठवून अहवाल मागविला. सुमारे शंभर एकरांवरील झाडी यंत्रांनी उद्ध्वस्त केली असून तेथे मोर, हरणे व पक्षी दृष्टीस पडले, असे त्या अहवालावरून निष्पन्न झाले. न्यायालयाने तोड तत्काळ थांबविली. पुढे १६ एप्रिलच्या सुनावणीत तर राज्याच्या मुख्य सचिवांना तुरुंगाची आठवण करून देण्यापर्यंत पाळी आली.

मधल्या काळात सरकारच्या जनसंपर्काने कोणता मार्ग पत्करला? ५ एप्रिल रोजी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत झालेल्या आढावा बैठकीनंतर असे सांगण्यात आले की, हा सारा गदारोळ कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेल्या खोट्या चित्रांनी व ध्वनिचित्रफितींनी माजविला. मोरांचे आक्रंदन आणि जखमी हरणे ही यंत्राची निर्मिती होती. याची चौकशी व्हावी अशी विनंती न्यायालयास करण्यात येईल. ज्या सरकारने सातच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०२४ मध्ये, याच शहरात जागतिक कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद भरवून ही विद्या सर्वांच्या कल्याणासाठी राबविण्याची द्वाही फिरविली होती, त्याच सरकारला ती विद्या एका रात्रीत खलनायक वाटू लागली. नाचता येईना अंगण वाकडे, असा हा प्रकार.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. त्या दिवसांत प्रसृत झालेल्या चित्रांपैकी काही खरोखरच यंत्रनिर्मित होती. बुलडोझरपुढे धावणाऱ्या हरणांची आणि मोरांची जी चित्रे लाखोंनी पाहिली, त्यांतील काही पडताळणीत बनावट ठरली. नामवंत नटनट्यांनी आणि राजकीय पुढाऱ्यांनी ती शहानिशा न करता पुढे ढकलली आणि नंतर गुपचूप काढून टाकली. विद्यार्थ्यांच्या न्याय्य बाजूचे या उत्साही हितचिंतकांनी जे नुकसान केले, ते सरकारच्या लाठीनेही झाले नसते. झाडे खरोखर पडत असताना खोट्या हरणाची गरजच काय होती? पण गरज नसताना खोटे बोलण्याचा मोह हा प्रचाराचा जुना रोग आहे आणि यंत्राने त्याची साथ पसरविली आहे.

तरीही सरकारच्या वर्तनातला दोष याहून निराळ्या जातीचा आणि आमच्या मते अधिक गंभीर आहे. चार चित्रे खोटी निघाली, एवढ्यावरून शंभर एकरांची तोड खोटी ठरविण्याचा तो प्रयत्न होता. निबंधकांनी जे डोळ्यांनी पाहिले, उपग्रहाच्या छायाचित्रांत जे दिसत होते, त्या सर्वांवर ‘यंत्राची करामत’ असा एकच शिक्का मारून मोकळे होण्याची ही सोय होती. असत्य रचण्यास निदान काही श्रम तरी पडतात. सत्याला असत्य म्हणण्यास प्रसिद्धीपत्रकातील एक ओळ पुरते.

त्यानंतर जे घडले ते तर जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकात ‘काय करू नये’ या प्रकरणात घालावे असे आहे. पर्यटन, सांस्कृतिक व युवक व्यवहार खात्याच्या तत्कालीन प्रधान सचिव स्मिता सभरवाल यांनी ३१ मार्च रोजी एक चित्र आपल्या खात्यावरून पुनःप्रसृत केले होते. विद्यापीठाच्या आवारातील ‘मशरूम रॉक’ हा प्रसिद्ध खडक, समोर बुलडोझर, दोन हरणे आणि एक मोर, असे ते चित्र. आणि तेही त्या महिन्यात घरोघरी लोकप्रिय झालेल्या जपानी ‘घिब्ली’ व्यंगपटांच्या धाटणीचे. पाहणाऱ्या लहान मुलासही ते छायाचित्र वाटले नसते. ते उघडउघड व्यंगचित्र होते. तथापि १२ एप्रिल रोजी गच्चीबौली पोलिसांनी या ज्येष्ठ अधिकाऱ्यास नोटीस बजावली. सभरवाल यांनी जबाब दिला आणि उलट एक साधा प्रश्न विचारला : हेच चित्र सुमारे दोन हजार जणांनी पुढे पाठविले, त्या सर्वांवर हीच कारवाई होणार काय? एप्रिल संपण्यापूर्वी त्यांची बदली राज्य वित्त आयोगाकडे झाली. बदल्या होतच असतात, असे सरकार म्हणेल. आम्हीही त्यावर अधिक भाष्य करीत नाही. मात्र यंत्राने काढलेले चित्र आणि यंत्राने केलेली फसवणूक यांतला फरक ज्या शासनयंत्रणेस कळत नाही, तिच्या हाती खऱ्याखोट्याचा निवाडा सोपवावा काय, हा प्रश्न प्रत्येक नागरिकाचा आहे.

पुन्हा मलकपेठेकडे वळून अगदी अलीकडच्या एका घटनेची आठवण देणे उचित ठरेल. १३ मे २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानाच्या वेळी हैदराबादमधील भाजपच्या उमेदवार माधवी लता यांनी आझमपुरा येथील मतदान केंद्रात बुरखाधारी मतदार स्त्रियांचे चेहरे ओळखपत्रांशी ताडून पाहिले. त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि मलकपेठ पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. उमेदवार म्हणून ओळख पटवून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, असा पवित्रा त्या बाईंनी घेतला. असा अधिकार उमेदवारास नाही, असे विरोधकांनी ठणकावले. त्या प्रकरणाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, दोन्ही बाजू तावातावाने भांडल्या, पण चित्रफीत खरी आहे याबद्दल त्यांच्यात वाद नव्हता. जे घडले ते घडले, आता ते योग्य की अयोग्य यावर बोलू, एवढी किमान भूमी दोघांच्या पायांखाली होती. पुढच्या वर्षी गच्चीबौलीत सरकारने तीच भूमी उखडण्यास प्रारंभ केला. उद्या एखाद्या मतदान केंद्रातील खरा प्रकार चित्रित झाला आणि संबंधिताने ‘हे यंत्राने बनविले आहे’ एवढेच म्हटले, तर मलकपेठच्या ठाणे अंमलदाराने काय करावे?

जनसंपर्क हा व्यवसाय म्हणजे निव्वळ ढोल बडविणे नव्हे, असे त्या व्यवसायातील मंडळी नेहमी सांगतात, आणि त्यांच्यातील प्रामाणिकांपुरते ते खरेही आहे. भारतातील जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेने २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत ‘अथेन्स संहिता’ नावाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. म्हणूनच २१ एप्रिल हा दिवस ते राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात. सत्याला अन्य गरजांपुढे दुय्यम न लेखणे, प्रस्थापित व पडताळता येण्याजोग्या तथ्यांवर आधारलेली नसेल अशी माहिती न पसरविणे, ही त्या संहितेतील बंधने आहेत. संगणक जेव्हा खोलीभर जागा व्यापीत असे त्या काळातला हा दस्तऐवज. परंतु त्यातील एका अक्षरासही यंत्रामुळे बाध आलेला नाही. नव्या नियमावल्यांची चळत रचण्यापूर्वी ही जुनी संहिता सरकारी माहिती खात्यांनी एकदा वाचून काढली तरी पुष्कळ होईल.

यंत्राचा उपयोगच करू नये, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. हैदराबादसारख्या शहरात एकच सूचना तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत काढावी लागते. आमच्या गोव्यात मराठी, कोकणी आणि इंग्रजी. पुराचा इशारा एका भाषेत सकाळी आणि दुसरीत संध्याकाळी पोहोचावा, यापेक्षा यंत्राने तातडीने भाषांतर करावे आणि जाणत्या माणसाने ते तपासून सोडावे, हे केव्हाही चांगले. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मुसीला पूर आला, चादरघाटच्या वस्त्यांत पाणी शिरले, मूसारामबागचा पूल बुडाला आणि महात्मा गांधी बसस्थानकात प्रवासी अडकले. अशा रात्री यंत्र कामास येत असेल तर त्याला नको म्हणणे हा शुद्ध करंटेपणा होय. (त्या पुराने हेही दाखविले की, नदीकाठचा धोका हा सरकारचा बनाव नाही. तो धोका पटविण्यास सुंदर चित्रांची आवश्यकता नव्हती. पाण्याच्या पातळीचे आकडे आणि पर्यायी घरांची लेखी हमी पुरेशी होती.) भाषांतर, टिपण, गोषवारा, जुन्या कागदांतून माहिती हुडकणे, ही हमाली यंत्राने खुशाल करावी. आमच्या कचेरीत रोज येणाऱ्या प्रसिद्धीपत्रकांवरून ती हमाली सुरू झाल्याचे कळतेच. निरनिराळ्या संस्थांची पत्रके हल्ली एकाच आईची लेकरे असावीत तशी दिसतात आणि कोणत्याही उद्घाटनाने ‘नव्या पर्वाची नांदी’ होते! हा भाषेवरचा अत्याचार असला तरी जनतेची फसवणूक नव्हे.

फसवणूक सुरू होते ती माणसाने जेथे स्वतः उभे राहावयाचे तेथे यंत्रास उभे केले म्हणजे. अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी ठार झाले. तेव्हा दूरच्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठातील एका कचेरीने आपल्या विद्यार्थ्यांना सांत्वनाचे पत्र धाडले. परस्परांना जपा, आपुलकीने वागा, असा त्यातील उपदेश होता. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, हा मजकूर चॅटजीपीटी या यंत्राच्या आधारे केला आहे. विद्यार्थी संतापले आणि अधिकाऱ्यांना माफी मागावी लागली. यंत्राचा उल्लेख करण्याचा प्रामाणिकपणा तेथे होता, तरी तो अपुरा पडला. सुतकाच्या घरी भाड्याने रडणारा पाठवून वर पावती जोडावी, असे ते झाले. दुसरे उदाहरण कॅनडाचे. तेथील एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील उत्तरे देणाऱ्या यंत्राने आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका उतारूस सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. त्याने दाद मागितली तेव्हा, ते यंत्र आपल्या कृत्यांस स्वतःच जबाबदार आहे, असा अजब बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून कंपनीस भरपाई द्यावयास लावली. नोकराच्या चुकीची भरपाई धन्याने करावी हा जगातला जुना न्याय. यंत्राला मात्र एकदम स्वतंत्र नागरिकत्व देण्याची घाई!

याच मुसीच्या काठावर याहून निराळ्या वळणाचा एक सरकारी कागद निर्माण झाला होता. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने हैदराबादेत हजारो माणसे गिळली. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेल्या या स्थापत्यविशारदाने पावसाची व पाण्याची मोजमापे घेऊन १९०९ साली अहवाल दिला. शहराच्या वर धरणे बांधून पूर अडविण्याचा तो विचार पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांच्या रूपाने उभा राहिला. त्या अहवालात निळेशार पाणी नव्हते. आकडे होते, आणि त्या आकड्यांमागे एका माणसाचे नाव होते. आकडा चुकला तर कोणाला विचारावयाचे, हे सर्वांना ठाऊक होते. मुसीविषयीच्या आजच्या प्रत्येक चित्रास आणि प्रत्येक पत्रकास हाच प्रश्न विचारता आला पाहिजे : यामागे नाव कोणाचे?

यावर कोणी म्हणेल की, मग सामान्य माणसानेही प्रत्येक चित्राखाली सही करावी. येथे मात्र आम्ही ठाम भेद करतो, आणि तो करण्यास गोव्याचा आणि हैदराबादचा इतिहास आम्हांस भाग पाडतो. सालाझारशाहीच्या काळात ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सत्तेच्या पूर्ण अधिकाराने बोलत असे, आणि सेन्सॉरच्या शिक्क्यावाचून वृत्तपत्रात ओळ छापता येत नसे. त्या आवाजास उत्तर दिले ते १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरच्या रानात दडून चालविलेल्या स्वातंत्र्याच्या आकाशवाणीने. ते आवाज निनावी होते, असणे अपरिहार्य होते. हैदराबादेत निजामाच्या बाजूने डेक्कन रेडिओ बोलत होता. त्याच्या विरुद्ध ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी मात्र उघडपणे, स्वतःच्या नावाने लिहिले, आणि २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री काचीगुड्याजवळ घरी परतताना त्यांचा हात तोडून त्यांना ठार करण्यात आले. मलकपेठेहून ती जागा नदीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. ज्या देशात सही करणाऱ्या नागरिकाला ही किंमत मोजावी लागली, तेथे निनावी राहण्याची मुभा दुर्बळास असलीच पाहिजे. खोटे चित्र खरे म्हणून खपविणाऱ्यास अर्थातच ती मुभा नाही. परंतु ज्याच्या हाती पोलीस, खजिना आणि बुलडोझर आहेत त्याने तर कधीच निनावी राहता कामा नये. गच्चीबौलीत उलटे झाले. व्यंगचित्र पुढे पाठविणारीला नावानिशी नोटीस मिळाली आणि मोर खोटे असल्याचे सांगणारे निवेदन कोणत्या अधिकाऱ्याने, कशाच्या तपासावरून तयार केले, हे जनतेसमोर आले नाही.

केंद्र सरकारने १० फेब्रुवारी २०२६ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून यंत्रनिर्मित चित्र-ध्वनींवर ठळक खूण करण्याचे बंधन घातले आणि ते त्या महिन्याच्या २० तारखेपासून अमलात आणले. सरकारचा वा न्यायालयाचा आदेश मिळताच आक्षेपार्ह मजकूर तीन तासांत हटविला पाहिजे, असेही त्यात आहे. पूर्वी ही मुदत ३६ तासांची होती. खुणेच्या तरतुदीचे आम्ही स्वागत करतो. तीन तासांच्या तरतुदीबद्दल मात्र गच्चीबौली ताजी असताना आम्हांस धास्ती वाटते. ५ एप्रिलच्या त्या बैठकीच्या हाती हे हत्यार असते, तर खऱ्या मोरांची किती छायाचित्रे संध्याकाळपर्यंत टिकली असती? शिवाय, सरकारी पत्रकाचा मसुदा यंत्राने केला काय, तो कोणी तपासला, त्यातील तथ्यांस कोण जामीन, हे लिहिण्याचे बंधन या नियमांत कोठेही नाही. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये राजकीय पक्षांना यंत्रनिर्मित प्रचारावर तशी नोंद करण्याची सूचना दिली. पक्षांना जे लागू, ते पक्षांनी चालविलेल्या सरकारांना का लागू नसावे?

गोव्यात विधानसभेची निवडणूक २०२७ साली अपेक्षित आहे. तत्पूर्वी येथील माहिती व प्रसिद्धी खात्याने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, त्यातील मजकुराची खातरजमा करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा छापावा. आणि प्रकल्पांच्या चित्रांवर ते संकल्पचित्र आहे की जागेवरचे छायाचित्र, यंत्राचे आहे की माणसाचे, हे मराठी व कोकणीत ठसठशीत लिहावे. नागरिकाच्या एखाद्या चित्रास ‘बनावट’ म्हणावयाचे झाल्यास ते कोणी तपासले आणि कसे तपासले, तेही त्याच पत्रकात द्यावे. यासाठी कायदा नको, खर्च नको. खातेप्रमुखाचे एक परिपत्रक पुरे.